पुलाच्या जागी हवेची फळी

पाटोदा तालुक्यातल्या एका तलावाच्या वरच्या अंगाला, नदीपलीकडे, पंधरावीस घरांची वस्ती आहे. विजयमाला चौसाळ्याकडून तिथं लग्न होऊन आली तेव्हा उन्हाळा होता. सगळं वऱ्हाड खडकांवर पाय देत कोरड्यानं पार झालं. पाऊस लागला तेव्हा आपल्याला कुठं दिलंय हे तिला कळलं.

रस्ता, शाळा, दवाखाना, बाजार, सगळं नदीच्या दुसऱ्या काठाला. पावसाळ्यात वस्तीसमोर नदी खडकांतून उसळत येते आणि जरा खाली जाऊन तलावात संथ होते. लोक थर्माकोलच्या जाड तुकड्यावर बसून हातानं पाणी मारत ये-जा करायचे. दर निवडणुकीला पुलाचा नारळ फुटायचा. खोबरं वस्तीतल्या पोरांनी खाल्लं, पूल मात्र कुणी पाहिला नाही.

नवरा हनुमान याच्यासोबत विजयमालानं बरीच वर्षं ऊसतोड केली. सासू छबुबाई थकल्यावर ती घरी राहू लागली. सासू-सुनेचं फार गोडीचं नव्हतं, पण दोघी एका ताटात जेवायच्या. एका भाद्रपदात सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या छबुबाईला लकवा मारला. नदी भरलेली. विजयमालानं आणि शेजाऱ्यांनी तिला थर्माकोलवर निजवलं आणि पाण्यात घातलं. मधोमध थर्माकोल मोडला. विजयमाला बापाच्या विहिरीत पोहायला शिकलेली. तिनं सासूचे केस धरून तिला काठाला ओढलं. तोवर छातीत पाणी गेलं होतं. म्हातारी बीडच्या दवाखान्यात वारली.

दहाव्याच्या आत सरपंच अमरसिंह भेटायला आले. तलावाकाठची निम्मी जमीन त्यांच्या घराची. त्यांनी चार शब्द सांत्वनाचे सांगितले आणि पुढच्या वर्षी पूल नक्की, असंही सांगितलं. विजयमाला चहाची कपबशी त्यांच्यापुढं ठेवायला वाकली होती. ती तशीच उचलून आत घेऊन गेली. 

तेव्हापासून ती रागीट म्हणून ओळखली जाऊ लागली.

तिचा धाकटा भाऊ प्रविण कोकणात पर्यटकांना नदीतून रबरी बोटीनं नेण्याचं काम करायचा. छबुबाईच्या मातीला आला तेव्हा नदीकडं बघत बसला आणि म्हणाला की बोट इथं कामाची नाही. ती उचलायला चार गडी लागतात, आणि दसऱ्यानंतर सगळे ऊसतोडीला गेल्यावर वस्तीत गडी राहतात कुठं. त्यापेक्षा हवा भरायची फळी घ्यावी. गुंडाळली की पाठीवरच्या पिशवीत मावते, हवा भरली की लाकडासारखी टणक होते, उथळ खडकांवरून सरकते, आणि माणूस आडवं निजवता येतं.

फळी म्हटल्यावर विजयमालाचं डोकं फिरलं. "पूल मागून मागून लोक म्हातारे झाले, आन् तू मला फळी देतूस?"

"पूल माझ्या हातात न्हाई, आक्का," प्रविण म्हणाला.

त्याचं खरं होतं, म्हणून तिला आणखीच राग आला.

प्रविणच्या ओळखीनं पुण्याची एक संस्था फळी द्यायला तयार झाली. निवड तुम्हीच करा, असं त्यांनी सांगितलं. बहीण-भाऊ पुण्याला गेले. दुकानदार भला माणूस होता. त्यानं आधी एक लांबट, निमुळती, निळी फळी दाखवली आणि सहलीला कुठं जाणार म्हणून विचारलं.

"सहल न्हाई," विजयमाला म्हणाली. "आजारी माणूस आडवं टाकून न्यायचं हाय."

दुकानदारानं निळी फळी बाजूला ठेवली. मग त्यानं आणि प्रविणनं मिळून एकेक फळी खाली उतरवली. निळी तलावात बाणासारखी जाणारी, पण अरुंद. उसळत्या पाण्यात उलटली असती. दुसरी आखूड, रुंद, नाक वर वळलेलं. धारेत ती पटकन वळते, लाट तिच्या नाकावर चढत नाही. पण संथ पाण्यात सरळ चालायची नाही, प्रत्येक वल्ह्याला तोंड फिरवेल. वस्तीला दोन्ही पाण्यांतून जायचं होतं. नदीचा जोर फार असला की तलावातून लांबून जायचं, जोर कमी असला की खडकांतून.

शेवटी मधली एक निघाली. रुंद, जाड, दुहेरी कापडाची, कडेला धरायला मुठी. खाली माशाच्या परासारखी फिन असते, ती बदलता येत होती. तलावात सरळ चालावं म्हणून लांब, आणि नदीत खडकाला अडकू नये म्हणून आखूड रबरी. विजयमालानं दुकानातच हवा भरायला लावली. प्रविणला फळीवर निजवलं, स्वतः गुडघ्यांवर त्याच्या डोक्याशी बसली आणि दोघांच्या वजनानं ती मधे वाकते का ते दुकानदाराला खाली वाकून बघायला लावलं. वाकली नाही.

फळीबरोबर पायाला बांधायची दोरी होती. ती प्रविणनं काढून पिशवीच्या तळाशी ठेवली. वाहत्या पाण्यात ती बाभळीच्या फांदीत अडकली तर माणूस पाण्याखाली धरला जातो, असं त्यानं सांगितलं. त्याऐवजी कमरेचा पट्टा घेतला, ओढला की सुटणारा. वर पाण्यात तरंगवणारी जाकिटं आणि वल्ही.

परतीच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन विजयमाला खिडकीबाहेर बघत होती. चांगली वस्तू मिळाली याचं तिला बरं वाटत होतं. आणि बरं वाटतंय याचीच तिला चीड येत होती.

संस्थेच्या नियमाप्रमाणं फळी ग्रामपंचायतीच्या नावावर गेली, पण ठेवायची विजयमालाकडं, असं ठरलं. प्रविणनं तिला आठवडाभर शिकवलं. नाक धारेला तिरकं ठेवायचं, पाणी ढकलेल तसं सरकायचं, घाबरून धारेला आडवं व्हायचं नाही. पहिल्या पावसाळ्यात शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, एक नवरीसुद्धा तिनं पार नेली. शेजारचे धोंडीरामआबा डायलिसिसला बीडला जायचे. त्यांची तर कुठलीच पाळी हुकली नाही.

दुसऱ्या वर्षी अमरसिंहांनी तलावाकाठी हॉटेल काढलं. पुढं बोटिंग सुरू करायचं होतं. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई राधाकिशन येऊन फळीची पिशवी आणि जाकिटं घेऊन गेला. विजयमाला रानात होती. हनुमाननं देऊन टाकली. एका दिवसाचं काम आहे, असं सांगितलं होतं.

फळी परत आली नाही. आबांची एक पाळी हुकली. त्यांचे पाय सुजले, बोलताना दम लागू लागला. विजयमालानं सरपंचांना फोन लावला. कार्यक्रम झाल्यावर पाठवतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन उचललाच नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी आबांना निजवेना. ते उशाला टेकून बसले होते आणि मासोळीसारखं तोंड उघडत होते. विजयमाला नवऱ्यावर ओरडली नाही. ओरडायचं बळ तिला दुसरीकडं लागणार होतं. तिनं साडीचा काष्टा घातला, वरून हनुमानचा सदरा चढवला, तेलाचे दोन रिकामे कॅन छातीखाली बांधले आणि वस्तीखालून तलावात उतरली.

पलीकडं मंडप होता, स्पीकर चालू होता. ती पाण्यातून बाहेर आली तेव्हा लोकांना आधी काही समजलंच नाही. पाणी गळत होतं, पायाला चिखल होता. अमरसिंह केशरी जाकीट घालून, काठाला लागलेल्या फळीवर वल्हं घेऊन उभे होते आणि त्यांचे फोटो काढणं चालू होतं. पायाला तीच दोरी बांधली होती, प्रविणनं काढून ठेवलेली.

"उतरा," विजयमाला म्हणाली.

"वहिनी, कार्यक्रम चाललाय. संध्याकाळी..."

"धोंडीरामआबा मरायलेत. उतरा. जाकीट बी द्या."

आवाज मोठा नव्हता. पण कुणीतरी स्पीकर बंद केला होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. अमरसिंह उतरले. दोरी सोडायला त्यांना वेळ लागला. गाठ पडली होती. ती वाट बघत उभी राहिली, मदतीला वाकली नाही. मग फळीवर गुडघे टेकून ती तलावात निघाली.

परत आली तेव्हा मंडपातले लोक काठाला उभे होते. फळीवर धोंडीरामआबा पाठीला गोधडीची वळकटी लावून, जाकीट घालून पडले होते. त्यांना उचलायला पाहुणेच पाण्यात उतरले. विजयमाला सरपंचांच्या गाडीपाशी गेली आणि दार उघडून उभी राहिली. अमरसिंहांनी ड्रायव्हरला हाक मारली.

आबा वाचले.

संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर बातमी फिरली. सरपंचांच्या तत्परतेनं रुग्णाचे प्राण वाचले, असं लिहिलं होतं. फोटोत अमरसिंह गाडीशी उभे होते. विजयमालाला शेजारच्या कडूबाईनं ती वाचून दाखवली. विजयमालानं भाकरी थापायची थांबवली नाही, पण त्या दिवशीच्या भाकरी फार पातळ झाल्या.

पुढच्या ग्रामसभेला ती पहिल्यांदाच गेली. पुलाचा विषय निघाला तेव्हा अमरसिंह म्हणाले की वस्तीला आता चांगली सोय झालेली आहे, तवा पुलाची एवढी घाई नाही. वरच्या साहेबांनाही तसंच कळवलंय.

विजयमाला उभी राहिली. "पूल न्हाई म्हणून फळी घेतली. पूल नको म्हणून न्हाई. ह्ये तुमी वर कळवा. न्हाई कळवलं तर मीच जाते, आबांना घिऊन जाते."

बसलेल्यांतल्या काही बायाही उठल्या. पुलाच्या मागणीचा ठराव पुन्हा लिहिला गेला. फळी वस्तीतच राहील, हेही त्यात आलं.

हिवाळ्यात दोन माणसं येऊन नदीकाठी मोजमाप करून गेली. दोन्ही काठांना चुन्याच्या खुणा मारल्या. पूल अजून झालेला नाही. ही गोष्ट ऐकून परवा मी वस्तीवर गेलो होतो, तेव्हा विजयमाला अंगणात फळीची शिवण ओल्या फडक्यानं पुसत होती. पूल होईल का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू तो मीच अडवून धरलाय. मग पुन्हा शिवण पुसायला लागली.