काकांची बाटली

इंग्लंडात स्लाऊमधले आमचे शेजारी काका काहीही बोलले की शेवटी "असो" म्हणतात. नॉर्वेच्या क्रूझवर देवमासा दिसला, सगळी बोट किंचाळली. काका म्हणाले, "मोठा आहे. असो." मी त्यांची नक्कल करून पोरांना हसवायचो.

काकूंचे गुडघे गेलेत, म्हणून त्या घरीच होत्या. काकांनी त्यांच्यासाठी ग्लेशिअरखालच्या ओढ्यात उतरून, पँट भिजवून बाटलीभर पाणी आणलं. "देवघरात ठेवेल. तिला तीर्थच ते. असो." मग ती बाटली नाश्त्यालाही सोबत.

तिथेच मला ठसका लागला. हाताला लागली ती बाटली उचलली आणि रिकामी करूनच ठेवली.

"अहो, ती काकांची," बायको पुटपुटली.

काकांनी उठून बुफेजवळच्या नळावर बाटली भरली, झाकण घट्ट लावलं. "तिला कळता कामा नये," म्हणाले. पुढे "असो" आलंच नाही.

परवा काकूंनी माझ्या तळहातावर चमचाभर तीर्थ घातलं. काका छताकडे बघत होते. मी डोळे मिटून प्यालो.

"कसं लागतं रे?"

"काकू, असं पाणी अख्ख्या बोटीवर मिळालं नाही."

काका म्हणाले, "असो."