देशी कार्डावरचा बाळंतविडा

“थांबा, दुसऱ्या लाइनवरून बघते,” असं म्हणताना त्या डाव्या हाताचा पंजा हवेत धरायच्या, समोर कोणी उभं असो वा नसो. तळोज्याच्या आमच्या केमिकल कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि मी अकाउंट्समध्ये. त्यांच्या काचेच्या खोलीपाशी गेलं की आधी तो पंजा दिसायचा, मग त्या.

पनवेलहून कंपनीच्या बसनं आम्ही एकत्र जायचो आणि राहायचोही एकाच सोसायटीत. त्या तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. कंपनीत त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, सोसायटीत काकू. त्या रिटायर झाल्या आणि माझ्यासाठीही काकूच उरल्या.

नोकरी सुटली तरी ऑपरेटरचा आवाज सुटला नाही. भाजीवाल्याला “अर्धा किलो वांगी, एक जुडी मेथी, बरोबर?” असं सगळं परत म्हणून दाखवायच्या. दारावर कोणी काही विकायला आलं, की “रॉंग नंबर” म्हणून हसत दार लावायच्या. तुमच्याही आसपास असं एखादं माणूस असेल, ज्याची नोकरी अंगातच मुरलेली असते.

नवरा लवकर गेलेला. एकुलती एक मुलगी, केतकी. तिचं लग्न ठरलं तेव्हा पुण्याच्या व्याह्यांनी सगळा खर्च आपल्या अंगावर घेतला आणि पुढे त्याचा एका शब्दानंही उल्लेख केला नाही. माणसं खरोखर चांगली होती. पण काकूंच्या मनात ते राहून गेलं. त्यामुळे अमेरिकेत केतकीला दिवस गेले तेव्हा त्यांनी आम्हाला जाहीर करून टाकलं, “बाळंतविडा माझा. माझ्या पेन्शनमधून.”

पेन्शन जमा व्हायची इथल्या एका छोट्या सहकारी बँकेत आणि त्या बँकेचं कार्ड होतं आपल्या देशी कंपनीचं. तेव्हा ते नवीन होतं. पनवेलच्या बाजारातही दुकानदार ते उलटसुलट करून बघायचे. जावयानं फोनवर सांगितलं, “आई, ते कार्ड तिकडेच ठेवून या, इथे मी आहे ना.” आम्हीही तेच म्हणालो. परदेशात चालतात ती दोन कार्डं सगळ्यांना माहीत असतात, तिसऱ्याला कोण विचारतो?

काकू मला घेऊन बँकेत गेल्या. साहेब म्हणाले, याच कंपनीचं बाहेरदेशी चालणारं कार्ड वेगळं असतं, मागवून देतो. ते आलं तर त्याच्या पाठीमागे आणखी एक खूण होती, कुठल्याशा अमेरिकन कार्ड कंपनीची. ती कशाला, हे साहेबांनाही नक्की सांगता येईना. काकूंनी घरी येऊन हेल्पलाइन लावली आणि अख्खी दुपार फोन कानाला धरून बसल्या. मग जिना चढून वर आल्या. तिकडे आपल्या कार्डाची स्वतःची लाइनच नाही म्हणे, ते त्या अमेरिकन कंपनीच्या लाइनवरून जातं. तिचा स्टिकर जिथे, तिथे आपलं कार्ड चालणार.

“म्हणजे आपले व्याहीच की ते,” काकू म्हणाल्या. हेल्पलाइनवरच्या मुलीबद्दलही सांगितलं. “आवाज चांगला आहे, पण दमलीय बिचारी.”

झबली, टोपडी, दुपटी आणि डिंकाचे लाडू घेऊन त्या गेल्या. पुढचं मला त्यांच्याकडून आणि केतकीकडून, थोडं थोडं करून कळलं.

केतकीचं बाळंतपण वेळेआधीच झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण जावई ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेला आणि बर्फामुळे विमानं बंद. घरी सोडायच्या दिवशी नर्सनं विचारलं, बाळाची गाडीतली खुर्ची कुठे आहे? तशी खुर्ची गाडीत लावल्याशिवाय तिकडे बाळाला घेऊन जाऊ देत नाहीत. ती आणायची तर पुढच्या आठवड्यात ठरली होती.

केतकीनं आपलं कार्ड पुढे केलं. काकू म्हणाल्या, “राहू दे.” साडीवर जावयाचा जाड कोट चढवून त्या केतकीच्या घराशेजारच्या तेलुगू बाईंबरोबर दुकानात गेल्या. दाराच्या काचेवरचे स्टिकर वाकून बघितले. कोपऱ्यात कार्डाचे व्याही होते.

काउंटरवरच्या मुलीनं मात्र असं कार्ड कधी बघितलंच नव्हतं. हे चालत नाही, असं ती नम्रपणे म्हणाली. काकूंनी एकदा घासून बघायला सांगितलं. मशीननं नकार दिला. मागे रांग वाढली, तेलुगू बाईंनी पर्स उघडली.

“तेव्हा मला केतकीचं लग्नच आठवलं रे,” काकू मला म्हणाल्या. “वाटलं, आताही दुसऱ्यांच्याच पैशानं.”

मग त्यांनी पंजा वर केला. कार्ड उलटं करून ती खूण दाखवली आणि आपल्या सावकाश, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की हे दुसऱ्या लाइनवरून जातं, कृपा करून तसं बघा. मुलीनं डेबिटऐवजी क्रेडिटचं बटण दाबलं. मशीन बराच वेळ विचार करत राहिलं आणि मग त्यानं सही मागितली. काकूंची बँकेतली सही मराठीत, म्हणून त्यांनी मराठीतच केली. ती मुलगी सहीकडे बघतच राहिली, किती सुंदर अक्षर म्हणाली.

जावई पोचल्यावर त्यानं खुर्चीचे पैसे काकूंच्या खात्यात पाठवायची गोष्ट काढली. काकू एवढंच म्हणाल्या, “बाळंतविडा परत करत नाहीत.” तो वाकून पाया पडला. आणि रात्री पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला, “तुमच्या खुर्चीत बसून आली हो आमची नात घरी.” हे वाक्य काकूंनी मला कितीदा सांगितलं असेल.

त्यानंतर त्या ते कार्ड जिथे तिथे पुढे करायला लागल्या. चिनी भाजीवालीकडे चाललं नाही, कॉफीच्या दुकानात चाललं नाही. तिथे त्या वस्तू जागेवर ठेवून, आभार मानून बाहेर यायच्या. रागावणं नाही. त्यांना हवं होतं तिथे ते चाललं होतं.

परत आल्यावर पुन्हा अमेरिकेला जाणं झालं नाही, गुडघे धरले होते. काही वर्षांनी काकू झोपेतच गेल्या. त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत, चांगले आहेत.

मला आठवते ती त्यांच्या शेवटच्या थंडीतली एक संध्याकाळ. सोसायटीच्या बाकावर पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून काकू नातीला गोष्ट सांगत होत्या. तिकडे सकाळ, नात दूध पीत होती. मी गाडी लावून आलो तर गोष्ट थांबलेली आणि मान कलंडून काकू हलकेच घोरत होत्या. उठवायला पुढे झालो, तेवढ्यात पडद्यावर नातीनं ओठांवर बोट ठेवलं.

“आजी झोपली,” ती कुजबुजली.

मी फोन जरा वळवला, तिला आजीचा चेहरा नीट दिसावा म्हणून. आणि तिचं दूध संपेपर्यंत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिलो.