यष्टीवाला क्लॅरिनेट

पासलीला नातीच्या लग्नात भोरचा बँड सांगितला होता. त्यातला क्लॅरिनेटवाला घाट चढणारी यष्टी अशी वाजवायचा, की गिअरची खरखरसुद्धा ऐकू यावी! तालुक्यात त्याची तीच ओळख. नाव मी विचारलंच नाही. सगळे ‘ओ यष्टी!’ अशीच हाक मारत. वरातीत पोरांनी सात वेळा वाजवून घेतली.

पंगत बसली. मी त्याला जिलबी वाढायला वाकले, तर म्हणतो, “मावशी, म्या सोता बांधलेली एक चाल हाय. आजवर कुनी पुरी ऐकली न्हाई. वाजवू का?”

“इचारता काय? वाजवा की!”

उठला, डोळे मिटले आणि लागला वाजवायला. काय सांगू बाई, मला माझ्या माहेरची पायवाट दिसली. तेवढ्यात एकजण ओरडला, “यष्टी लावा, यष्टी!”

“जेव गप!” मी डोळे वटारले.

चाल संपली. टाळी एक नाही. सगळ्यांचे हात खरकटे. त्याचं तोंड उतरलं.

म्हटलं, “अवो, मागं बगा की. दुसरी पंगत उपाशी हुबी हाय, आन् अजून एकानं ‘उठा’ म्हटलं न्हाई!”