डावा पाय न वापरता

साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. जर्मनीत, स्टुटगार्टला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्याआधी मला एका कारखान्यात उमेदवारी करायची होती, आणि कारखान्याजवळच्या गावात परदेशी मुलाला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी डोंगरावरच्या वस्तीतल्या एका जोडप्याने दिली. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या दोघांनी मला कधी उपरा मानलं नाही, याची जाण मला अजून आहे.

घरमालकांचा डावा पाय युद्धात, रशियात गेला होता, मांडीपासून. लाकडी पायावर ते इतके नेटाने चालत, की नवख्याला वाटावं, गुडघा आखडला असेल. त्या पायाचा उल्लेख घरात होत नसे, वस्तीतही नाही. त्यांचं स्प्रूसच्या झाडांचं लहानसं रान होतं. शिवाय वस्तीपासून खालच्या सडकेपर्यंतचा बर्फ काढण्याचं काम त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडे होतं. आजवर ते घोड्यांवर भागलं. आता शेवटचा घोडाही मेला होता आणि ब्युर्गरमाइस्टरने, म्हणजे तिथल्या सरपंचाने, निरोप धाडला होता: हिवाळ्याआधी ट्रॅक्टर आणा, नाहीतर रस्त्याचं काम शेजाऱ्याला देऊ.

एका शनिवारी ते मला म्हणाले, चला, ट्रॅक्टर बघायला जाऊ. मला वाटलं, मी यंत्रं शिकतोय म्हणून नेतायत. बसमधून उतरल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि इकडेतिकडे बघत हळूच सांगितलं,

"तुम्ही बसून चालवायचा. डावा पाय अजिबात हलवायचा नाही. आणि का ते कुणाला सांगायचं नाही."

त्यांनी वस्तीतल्या कुणालाच का आणलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

विक्रेत्याच्या आवारात मोठा ट्रॅक्टर पुढेच उभा होता. बर्फासाठी हाच घ्या, वजन असल्याशिवाय चाकं जागेवर फिरतात, असं तो सांगत होता. घरमालक म्हणाले, चालवणार हा माणूस आहे. मी चढलो. क्लच डाव्या बाजूला, मधे गिअरबॉक्सचं धूड. उजवा पाय त्यावरून पलीकडे टाकून क्लच दाबला तर ब्रेकला पाय उरेना. इंजिन धडधडून बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. वर्कशॉपमधली माणसं हात पुसत दाराशी जमली.

"हो, हो," विक्रेता म्हणाला, "तुमच्याकडच्या हत्तींना क्लच नसतो वाटतं?"

सगळे हसले. घरमालक हसले नाहीत. ते टायर दाबून बघत राहिले. माझे कान तापले होते, पण मी डावा पाय जागचा हलवला नाही.

दुसरा ट्रॅक्टर ठेंगणा होता, अरुंद, झाडांमधून सहज निघेल असा. त्याचा क्लच हलका होता. इतका, की मी वाकून तो हातानेही दाबू शकलो. घरमालकांनी ते पाहिलं आणि विक्रेत्याला विचारलं, याला हाताचा दांडा जोडून मिळेल का? विक्रेत्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मिळेल म्हणाला.

परतताना त्यांनी मला सफरचंदाचा केक खाऊ घातला. डांके, म्हणजे धन्यवाद, म्हणाले, तेही केककडे बघत.

शरद ऋतू चांगला गेला. डाव्या हाताने दांडा ओढायचा, उजव्याने स्टिअरिंग धरायचं. तोडलेली खोडं साखळीने बांधून ते एकटे रानातून खाली आणत. घरमालकीणबाई स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत बसायच्या.

मग बर्फ पडला. पुढे जोडलेलं लोखंडी पातं दर वळणावर उचलावं लागे, आणि ते उचलायला आणखी एक दांडा होता. एक हात क्लचवर, एक स्टिअरिंगवर. पात्याला हातच उरत नव्हता. रानात पातं नव्हतं, म्हणून हे ध्यानात आलं नाही. आणि या गोष्टीवर आमच्यात मोकळेपणाने बोलणं कधी झालंच नव्हतं, म्हणून कुणी आधी विचारलं नाही.

त्या सकाळी उताराच्या वळणावर पातं गोठलेल्या ढेकळात रुतलं. त्यांनी ते उचलायला स्टिअरिंग सोडलं. ट्रॅक्टर आडवा घसरून चरात कलंडला. मी आणि बाई धावत गेलो, तेव्हा त्यांचा लाकडी पाय मडगार्डखाली मोडून पडला होता. त्यांना खरचटलंही नव्हतं. शेजाऱ्याने आपला ट्रॅक्टर लावून त्यांचा बाहेर ओढला. सगळी वस्ती रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि ते बर्फात बसून होते, मोकळी विजार गुंडाळून मांडीखाली दाबत.

शहरातून नवा पाय आल्यावर घरमालकीणबाई न विचारता मडगार्डवर चढून बसल्या. त्या पातं उचलत, ते चालवत. रस्ता स्वच्छ निघायचा. पण एक दिवस ब्युर्गरमाइस्टर वाटेत आडवा आला. बाई अशी लटकत बसलेली, उद्या पडली तर जबाबदार कोण, म्हणाला.

घरमालकांनी इंजिन बंद केलं.

"मला डावा पाय नाही," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे प्रथमच ऐकत होतो.

ब्युर्गरमाइस्टर त्यांच्याबरोबर शाळेत होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ते कुणाला माहीत नाही? म्हणून तर इतकी वर्षं थांबलो."

रस्ता शेजाऱ्याला गेला. माणूस वाईट नव्हता. उजाडायच्या सुमारास त्याचा ट्रॅक्टर यायचा, आणि जाता जाता तो आमच्या दारापर्यंतचा बर्फही लोटून द्यायचा. बाई बाहेर जाऊन त्याचे आभार मानत. मी कामावर निघताना घरमालक स्वयंपाकघरात बाकावर बसलेले असत. अंगात जाड कोट, दोन्ही पायांत बूट, हातमोजे गुडघ्यावर. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आवाज खालच्या वळणाशी विरेपर्यंत ते तसेच बसत, आणि मग कोट काढत.