चौरंगाची परीक्षा

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. म्हणजे तुम्ही हसणारच, पण निदान तोंडातला चहा गिळून मग हसा.

आम्ही तेव्हा विरारला नवीनच राहायला आलो होतो. बिल्डिंगला रंग होता, गच्ची होती, नळही होते. फक्त नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की दिवाळी! माझी नोकरी एका कारखान्यात, पॅकिंगच्या खोक्यांसाठी येणारं लाकूड तपासायची. वजन बघायचं, रेषा बघायच्या, वास घ्यायचा, पाण्याचा थेंब टाकायचा, हिराकशीचं पाणी लावायचं आणि निकाल द्यायचा. आता माणसाला आयुष्यात एवढं एकच येत असेल तर तो ते कुठे कुठे करेल? सगळीकडे! कोणाकडे गेलो की आधी मी सोफ्याची पाठ हुंगायचो, मग यजमानांची चौकशी.

"अहो, काय ते नाक लावून बसता लोकांच्या फर्निचरला? लाज वाटते मला!" इति आमची सुलभा.

"शास्त्र आहे ते!"

"शास्त्र घरी ठेवून येत जा."

तर त्या वर्षीची होळी. सुलभाचं माहेर आगाशी. तिच्या दादाने तिथे नवं घर बांधलं होतं आणि चार दिवसांनी वास्तुशांत होती. त्या तयारीसाठी ती सकाळीच एसटीने निघाली, रात्री होळीपर्यंत परत यायच्या बोलीवर. जाताना मला बजावलं, "तो बाबांनी आपल्याला दिलेला निळा चौरंग पुसून ठेवा. बाबांची फार इच्छा आहे, दादाकडची पूजा त्याच चौरंगावर व्हावी. अस्सल सागवान आहे, बाबांनी स्वतः निवडून करून घेतलाय."

अस्सल सागवान! हे शब्द माझ्यासमोर उच्चारायचे आणि निघून जायचं? मला काय चैन पडणार आहे?

चौरंगावर ऑइलपेंटचे एवढे थर, की आत लाकूड आहे की पत्रा, तेही कळेना. मी एका पायाचा रंग खरवडला. सागवान तेलकट असतं, त्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसतो. इथे थेंब टाकला तर गटकन आत! हिराकशीचं पाणी लावलं. सागवान असतं तर काळपट डाग पडला असता. इथे ढिम्म. वास घेतला. साधा आंबा हो! शुद्ध आंबा!

मला सासऱ्यांची इतकी कीव आली म्हणून सांगू! बिचारे इतकी वर्षं आंब्याच्या लाकडाला सागवान म्हणून मिरवतायत. उद्या वास्तुशांतीला एखाद्या शहाण्याने ओळखलं तर चारचौघांत काय शोभा होईल त्यांची? छे! मी असताना? मी ठरवलं की गुपचूप खरा सागवानी चौरंग आणायचा, त्याला तसाच निळा रंग फासायचा आणि पूजेला न्यायचा. कोणाला पत्ता लागणार नाही. आहे की नाही आदर्श जावई?

तेवढ्यात दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कांबळी. "देशमाने, होळीला काही लाकूडफाटा?"

"आहे ना! हा घेऊन जा."

"अहो, चांगला चौरंग आहे की!"

"कांबळी, लाकडातलं तुम्हाला कळतं की मला?"

नेला त्यांनी.

संध्याकाळी कंपाउंडमध्ये होळी रचली. आमच्या शेजारचा पास्कल मूळचा वसईकडच्या गिरीज गावचा. त्याने आपल्या वाडीतून सुक्या झावळ्यांचा भारा आणला होता. त्या सगळ्यात वर. पूजा झाली, नारळ पडले, होळी भडकली. आणि पास्कलने मला डिवचलं.

"काय देशमाने, जळताना पन वलखता काय लाकूड?"

"डोळे मिटून ओळखतो!"

झालं. लोकांनी गोल केला. मी डोळे मिटले, नाक पुढे केलं. "हा राळेचा वास, म्हणजे खोक्याची फळी." बरोबर! टाळ्या. "हे तडतडतंय ते सुरूचं." बरोबर! आणखी टाळ्या. एवढं कौतुक मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं. आणि तेवढ्यात वाऱ्याबरोबर एक वास आला. उग्र, तेलकट, जुन्या चामड्यासारखा.

"थांबा!" मी ओरडलो. "सागवान! अस्सल सागवान! जुनं, मुरलेलं! अरे, कोणत्या गाढवाने हे होळीत टाकलं?"

टाळ्या नाहीत. मी डोळे उघडले. समोर सुलभा. हातात माहेरच्या पुरणपोळ्यांचा डबा, आणि नजर होळीत. झावळ्या जळून खाली बसल्या होत्या. एक फळी बाहेर आली होती, तिचा निळा रंग फुगून गळत होता आणि खालून कोरलेलं कमळ दिसत होतं.

"अहो, हा बाबांचा चौरंग!"

"पण... पण तो आंब्याचा आहे! मी स्वतः पाय तपासला!"

"कुठला पाय?"

"तो... थोडा बुटका होता तो."

"अहो, तो एक पाय मोडला होता म्हणून बाबांनी आंब्याचा बसवला होता! चारांतला नेमका तोच सापडला तुम्हाला?"

तिच्या डोळ्यांत पाणी. मी दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून बोंब ठोकली, "वाचवा! विझवा!"

आता होळीला बोंब मारली तर लोक काय करतात? साथ देतात! अख्ख्या बिल्डिंगने तोंडावर हात मारून अशी बोंबाबोंब केली की विचारू नका. मी जितका जिवाच्या आकांताने ओरडतोय तितका लोकांना चेव चढतोय. "देशमाने रंगात आले!" असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

"पाणी आणा!" मी.

"पाणी?" कांबळी किंचाळले. "टँकर परवा आहे!"

शेवटी पास्कलला काय ते कळलं. त्याने बांबूने फळी बाहेर ओढली आणि आम्ही दोघांनी समोरच्या अर्धवट बिल्डिंगची रेती ओंजळीओंजळीने तिच्यावर टाकली. पहिल्या मजल्यावरच्या काकू वरून ओरडतायत, "अहो, होळीला दिलेलं परत घेतात का?" काकू, तुम्ही माझ्या जागी या आणि मग सांगा!

फळी वाचली. एक कड कोळसा, तीन पाय काळेठिक्कर, पण शाबूत. आंब्याचा पाय तेवढा पार जळून गेला. माझा एकुलता एक पुरावा!

सुलभाने रात्री पुरणपोळ्यांचा डबा उघडलाच नाही. सकाळी एकच वाक्य बोलली, "तुमची परीक्षा अगदी अचूक असते हो. फक्त आधी जाळावं लागतं."

वास्तुशांतीला चौरंग गेला. घासून, नवा पाय लावून, वर लाल कापड घालून. मी कापडाचं टोक जळक्या कडेवर ओढून ओढून बसवत होतो. पण सासऱ्यांनी पूजेआधी कापड उचललंच. बोट फिरवलं. बोटाला काजळी.

"हे काय?"

मी भटजींकडे बघितलं. भटजी काय करणार?

"बाबा, यांना शंका होती सागवान आहे की नाही," सुलभा भरल्या घरात खणखणीत आवाजात म्हणाली. "जाळून खात्री केली."

म्हातारा आता माझ्यावर तांब्या फेकतो, असं मला वाटलं. पण सासरे शांतपणे कापड नीट करत म्हणाले, "मग? काय निघालं, जावईबापू?"

"अ-अस्सल सागवान, बाबा."

"निघणारच. लाकडात मी कधी फसलो नाही."

आणि मग, पूजा सुरू होईपर्यंत, ते नुसते माझ्याकडे बघत बसले.