दुसरी ओळ

कम्प्युटरला सिस्टीम कोणती, विंडोज, लिनक्स की मॅक, या एका प्रश्नावर आमच्या साडभाऊंनी जितकी वर्षं घालवली, तितक्यात आख्खं यवतमाळ गाणं शिकून, विसरून पुन्हा शिकलं असतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. नोकरी कचेरीत, जीव मात्र घरच्या मागल्या खोलीतल्या पेटीत, माईकमध्ये आणि कम्प्युटरमध्ये. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर कापसाच्या गाद्या टांगलेल्या. पाहुणा मुक्कामी आला की आधी भिंत उतरवून खाली अंथरावी लागे. एका सिस्टीमीत म्हणे सूर मागे राहायचा. पेटीचा सा दाबला की तो कम्प्युटरमधून बाहेर पडेपर्यंत चहा गाळून होतो, असं ते शपथेवर सांगत. दुसरीत सूर वेळेवर, पण माईक मुका. मॅकला वेगळं यंत्र लागतं, म्हणून ती फक्त स्वप्नात. दर नव्या सिस्टीमीसाठी कम्प्युटर धुवून पुसून कोरा व्हायचा आणि गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. त्यांच्या कुठल्याही गाण्याची दुसरी ओळ आम्ही कधी ऐकलीच नाही.

"लुगडं बदलावं तशी सिस्टीम बदलून राह्यले हे," अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची. "गाणं म्हणून टाका न एकडाव सरळ."

"आवाज फाटका आहे माहा," ते खाली बघून म्हणत. "आधी मशिनीत शिवा लागते त्याले." कधीतरी गणपतीत लोक हसले होते. तेव्हापासून हा माणूस चारचौघांत आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचा.

मग त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं. साडभाऊंनी तिच्यासाठी स्वतः एक मंगलाष्टक रचलं, गायलं, शिवलं, आणि नवल म्हणजे पुरं केलं. शेवटचं आपलं वाजेल, असं गुरुजींना बजावलंही. पण हळदीच्या दिवशी त्यांना त्यात पंख्याची घरघर ऐकू आली, आणि ती काढणारी एक नवी सिस्टीम आहे असं कळलं. अंगाला हळद तशीच ठेवून त्यांनी ती कम्प्युटरमध्ये टाकली.

मांडवात अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. साडभाऊंनी बटण दाबलं. मांडवात आणलेल्या कम्प्युटरचा पडदा सुरेख उजळला आणि त्यावर अक्षरं आली: स्वागत आहे, आपलं नाव सांगा. गाणं कालच धुतलं गेलं होतं.

"सांगा न बुवा नाव," मागून कोणीतरी म्हणालं, "नाहीतर मशिनीचंच लग्न लागन." मांडव हसला. गुरुजींनी स्वतःचंच मंगलाष्टक म्हणून वेळ मारून नेली. साडभाऊ जनरेटरच्या आडोशाला जाऊन उभे राहिले, आणि नातं कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून मी दोन रांगा मागे सरकलो.

पोरगी सासरी, कळंबला निघाली. गाडीची काच खाली झाली. "बाबा, माह्यं मंगलाष्टक राह्यलं न."

"मशीन कोरी झाली, माय."

"मशीन कायले पाह्यजे? तुम्ही म्हणा."

ड्रायव्हरने गाडी बंद केली. साडभाऊंनी घसा खाकरला आणि पहिली ओळ म्हटली, फाटकी, थरथरती. कोणी हसलं नाही. दुसरी ओळ ऐकायला आम्ही सगळे पुढे सरकलो, तसं त्यांनी लाजून खिडकीत डोकं घातलं आणि ती आतल्या आत, एकटीलाच ऐकवली.

आता गाद्या खाली आल्यात, पाहुणे सुखानं झोपतात. काय होती ती दुसरी ओळ, म्हणून परवा मी विचारलं.

"कळंबले जाऊन इचारा," साडभाऊ म्हणाले.