साहेबांच्या सिनेमातला चावा

आमच्या बाबांनी एकदा एका दरोडेखोराला चावा घेतला होता. आमच्या गावात, मोताळ्यात, शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ होती, कारण बाबा ती दिसेल त्याला सांगत. जुन्या मध्यप्रांताच्या राज्यात ते पोलिसात जमादार होते. त्यांचे साहेब असे कडक, की नाव काढलं तरी चोर आपण होऊन चौकीवर येऊन बसत. डोंगरात एका झटापटीत दरोडेखोरानं साहेबांवर बंदूक रोखली. बाबांची काठी आधीच मोडलेली, मग त्यांनी मागून उडी घालून त्याचं मनगटच दातात धरलं. बंदूक पडली, साहेब वाचले.

सगळ्या गावानं हे मानलं, फक्त आमच्या मायनं मानलं नाही. "ज्यायले भाकरीचा पापुद्रा चावत नाही, ते दरोडेखोराले चावले म्हन्ते," असं ती चुलीपाशी बसून, बाबांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे. "तवा दात व्हते," बाबा ओसरीवरून म्हणत. हा खटला आमच्या घरी वर्षानुवर्षं चालला होता.

महाराष्ट्र झाला, बाबा पेन्शनीत निघाले, आणि मुंबईच्या लोकांनी साहेबांच्या जिंदगीवर सिनेमा काढला. बाजारात फिरत्या सिनेमाचा तंबू लागला. तंबूवाला पक्का धंदेवाला. बाबांची गोष्ट कानावर येताच त्यानं बैलगाडीवर भोंगा बांधला आणि साहेबांना वाचवणारे खुद्द जमादार आज हजर राहणार, असं बाजारभर पुकारलं. झालं. बाबांनी पेटीतला खाकी कोट काढला, मिशीला तूप लावलं. जेवले मात्र नाहीत. "पोरी, त्यायनं थे दाखोलंच नसन तं?" त्यांनी मला हळूच विचारलं. एवढा मोठा जमादार, आणि ओठ पार सुकलेले.

तंबूत बाया एकीकडे, माणसं दुसरीकडे, मधे दोर. बाबा सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर. पडद्यावर साहेब आले तसे बाबा खाडकन उठले आणि सलाम ठोकून उभे राहिले. मागचे लोक "बसा नं, जमादार" म्हणून कावले, पण साहेबांनी सलाम घेतल्याशिवाय बाबा बसतील कसे? शेवटी पडद्यावरच्या साहेबांनी टोपी नीट करायला हात वर नेला, तेव्हा कुठे ते खाली बसले.

मग डोंगर आला. दरोडेखोरानं बंदूक रोखली. अख्खा तंबू पडदा सोडून बाबांकडे पाहू लागला. आणि खडकामागून उडी घेतली एका काळ्या कुत्र्यानं. त्यानं मनगट धरलं, बंदूक पडली, साहेबांनी कुत्र्याला पोटाशी घेतलं. नेमकं तिथंच रीळ संपलं आणि दिवे लागले.

लोक पोट धरधरून हसले. एक मेला तर भुंकलाही. बाबा खाली मान घालून गुडघ्यांकडे पाहत बसले होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात माय दोराखालून वाकून निघाली ती थेट सिनेमाच्या मशीनपाशी. तिथूनच तिनं बाबांना विचारलं, "सायबाजवळ कुत्रं व्हतं काय वो?"

"नाही," बाबा म्हणाले. "सायेब कुत्र्याले लय भेत."

"आयकलं?" माय मशीनपाशी उभ्या तंबूवाल्याकडे वळली. "चावा खरा हाये, कुत्रं खोटं हाये. माह्या नवऱ्याच्या जागी कुत्रं काऊन बसोलं, सांग."

"बाई, रीळ मुंबईहून येते. मी काय करू?"

"मंग त्यायले कळव. तोवर मी इथून हटत नाही." ती मशीनच्या तोंडापुढे पदर खोचून उभी राहिली. पुढचं रीळ चढलं, पडद्यावर नुसती मायच्या डोक्याची सावली दिसू लागली. आता कोणी हसेना. अखेर बाबाच उठले, तिच्या हाताला धरून म्हणाले, "चाल वं, घरी चाल."

वाटेत बाबांनीच विचारलं, "तुले तं खोटं वाटे नं?"

"वाटे," माय म्हणाली. "पन बंदूक, काठी कोनालेबी सुचते. चावा कोनाले सुचते? कोनीतरी चावल्याबिगर मुंबईवाल्यायले कुत्रं आनावं नसतं लागलं."

बाबांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. माय थोडं चालली आणि थांबली. तंबूतला तो प्रश्न सोडला, तर इतक्या वर्षांत त्या गोष्टीतलं तिनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

"दात दुखले व्हते काय वो?"

"लय दुखले," बाबा म्हणाले.